‘किंग लिअर’च्या दोन संहिता व त्यांतील सत्तेचा विचार

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या शोकांतिकेविषयीं या त्रैमासिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्यास उत्तर असें कीं, हें नाटक एकाच रूपानें आपणांपर्यंत आलेलें नाहीं. त्याच्या दोन निरनिराळ्या छापील संहिता आहेत. त्यांतील पाठभेद शेंकड्यांनीं मोजावे लागतात. आणि त्यांतले महत्त्वाचे पाठभेद बहुतांशीं एकाच विषयाभोंवतीं जमले आहेत. सत्ता कोणाच्या हातीं आहे, ती गेल्यावर माणसाजवळ काय उरतें, आणि जिला ती कधींच नव्हती अशा माणसांस नाटकांत बोलूं दिलें आहे कीं नाहीं, हा तो विषय होय. पोथ्या ताडून पाहण्याची ज्यांस संवय आहे त्यांच्याइतका या नाटकाचा अधिकारी वाचक दुसरा नसावा. इंग्रजी साहित्याच्या अध्यापकांनीं मात्र आजवर हें नाटक बहुधा तिसऱ्याच, म्हणजे दोन्ही संहिता मिसळून सिद्ध केलेल्या पाठावरून शिकविलें आहे. आमच्या शाळांतून वाचली जाणारीं सटीप पुस्तकेंही त्याच जातीचीं होतीं.

कथानक थोडक्यांत असें. प्राचीन ब्रिटनचा वृद्ध राजा लिअर आपलें राज्य तीन मुलींत वांटून निवृत्त होण्याचें ठरवितो. जी अधिक प्रेम बोलून दाखवील तिला अधिक वांटा, अशी त्याची अट असते. वडील मुली गॉनरिल व रीगन तोंड भरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया बोलत नाहीं, म्हणून तिला कांहींच न देतां घालवून दिलें जातें, आणि तिची बाजू घेणारा सरदार केंट हद्दपार होतो. पुढें वडील मुली राजाची उपेक्षा करितात, तो वादळांत बाहेर पडतो व भ्रमिष्ट होतो. ग्लॉस्टर या सरदाराच्या घरींही अशीच कथा चालते. त्याचा अनौरस पुत्र एडमंड बापाला व औरस भाऊ एडगर याला फसवितो, एडगर वेड्या भिकाऱ्याचें सोंग घेतो, आणि ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात. कॉर्डेलिया फ्रान्सचें सैन्य घेऊन येते, तिचा पराभव होतो, तिला कैदेंत फांशीं दिलें जातें, आणि तिचें प्रेत हातांत असतां लिअर प्राण सोडतो.

आतां प्रतींची हकीकत. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या नोंदवहींत २६ नोव्हेंबर १६०७ या तारखेस या नाटकाची नोंद झालेली आहे, आणि आदल्या नाताळांत सेंट स्टीफनच्या रात्रीं, म्हणजे २६ डिसेंबर १६०६ रोजीं, व्हाइटहॉलच्या वाड्यांत राजासमोर त्याचा प्रयोग झाला असें तींत म्हटलें आहे. १६०८ सालीं निकोलस ओक्स या मुद्रकानें नॅथॅनिएल बटर या विक्रेत्याकरितां तें छापलें. कागदाचा ताव दोनदां दुमडून चार पानें करीत, त्या आकारास क्वार्टो म्हणतात. म्हणून ही क्वार्टो प्रत. ती घाईनें छापलेली आहे. जुळाऱ्यांनीं पद्य पुष्कळ ठिकाणीं गद्यासारखें जुळविलें आहे. छपाई चालू असतांनाच मुद्रितें तपासून दुरुस्त्या केल्या, पण दुरुस्तीपूर्वीं छापून निघालेले ताव फेंकून न देतां तेही बांधणींत घातले. परिणाम असा कीं, आज उपलब्ध असलेल्या बारा प्रती एकाच मुद्रणाच्या असूनही एकमेकींशीं पूर्णपणें जुळत नाहींत. या बाराही प्रतींचे ताव ताडून डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनीं १९४० सालीं जो प्रबंध प्रसिद्ध केला, तो आमच्या मतें प्रत्येक पोथीसंग्राहकानें पाहावा असा आहे. छापील पुस्तकाची प्रत म्हणजे एकच प्रत, हा भ्रम त्यानें कायमचा जातो.

१६०८ सालच म्हणून मिरविणारी दुसरीही एक क्वार्टो आहे. ती वस्तुतः १६१९ ची. टॉमस पेव्हिअर या विक्रेत्यासाठीं विल्यम जॅगर्डच्या छापखान्यांत निघालेल्या कांहीं नाटकांवर खोटे सन घातले होते, त्यांपैकीं ही एक. कागदांतील जलचिन्हें पाहून हें बिंग ग्रेग यांनींच १९०८ मध्यें बाहेर काढलें. तीनशें वर्षें विद्वान् फसले आणि कागदानें साक्ष दिली, ही गोष्ट सनदा व महजर तपासणाऱ्या आमच्या मित्रांस विशेष गोड लागेल. असो.

शेक्सपिअर १६१६ त वारला. त्याच्या नाटकमंडळींतील हेमिंज व काँडेल या दोघांनीं १६२३ सालीं त्याचीं छत्तीस नाटकें एका मोठ्या ग्रंथांत प्रसिद्ध केलीं. ताव एकदांच दुमडलेला तो फोलिओ. त्यांतील ‘लिअर’ क्वार्टोहून फार भिन्न आहे. क्वार्टोंतील सुमारें तीनशें ओळी फोलिओंत नाहींत, फोलिओंतील सुमारें शंभर ओळी क्वार्टोंत नाहींत, आणि जो भाग दोहोंत समान आहे त्यांतही शब्दाशब्दाचे भेद पुष्कळ. क्वार्टोच्या मुखपृष्ठावर या कृतीस इतिहास म्हटलें आहे. फोलिओंत ती शोकांतिकांच्या विभागांत, शोकांतिका या नांवानें आली आहे.

अठराव्या शतकांत पोप व थिओबाल्ड यांच्यापासून संपादकांनीं दोन्ही प्रतींतील ओळी एकत्र करून जास्तींत जास्त लांब असें नाटक तयार करण्याचा प्रघात पाडला. दोन्ही प्रती एकाच हरवलेल्या मूळ ग्रंथाचीं खंडित रूपें आहेत, हें त्यांचें गृहीतकृत्य. १९८६ त स्टॅन्ली वेल्स व गॅरी टेलर यांनीं ऑक्सफर्डच्या आवृत्तींत दोन संहिता दोन नाटकें म्हणून वेगवेगळ्या छापल्या, तेव्हां मोठा गहजब झाला. २०१६ त ब्रायन व्हिकर्स यांनीं नाटक एकच असल्याचें पुन्हा हिरीरीनें प्रतिपादिलें; क्वार्टोंतील गळती कागद वांचविण्यासाठीं मुद्रकानें केली, असें त्यांचें म्हणणें. त्या वादाचा निकाल लावण्याचा आमचा मानस नाहीं. परंतु शाकुंतलाचा बंगाली पाठ व देवनागरी पाठ एकत्र कालवून कोणी तिसरा अंक सिद्ध केला, तर आम्ही त्याला संपादन म्हणणार नाहीं. भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति पूर्ण केली, तींतही प्रत्येक शाखेचा अधिक भाग तळटीपांत व परिशिष्टांत निराळा दाखविला आहे. सर्व शाखांची बेरीज करून मूळ म्हणून पुढें ठेवलेली नाहीं. हीच शिस्त ‘लिअर’ला लावली असतां काय दिसतें, तें पाहूं.

पहिल्याच प्रवेशांत राजा राज्याचा नकाशा मागवितो. राज्य वांटण्याचें कारण तो काय सांगतो? क्वार्टोंत फारसें कांहीं सांगत नाहीं; कारभार तरुण वयाच्या माणसांकडे द्यावा इतकें म्हणून तो प्रेमाच्या परीक्षेकडे वळतो. फोलिओंत मात्र त्याच्या तोंडीं अधिक ओळी आहेत. पुढें कलह होऊं नये म्हणून आतांच वांटणी करतों, भार उतरवून आम्ही मरणाकडे रांगत जाऊं, राज्य, भूमीचा स्वामित्वहक्क व कारभाराची चिंता या सर्वांचा त्याग करतों, असें तो विस्तारानें बोलतो. आणि क्वार्टोंत जेथें तरुण ‘वय’ आहे, तेथें फोलिओंत तरुण ‘बळ’ आहे. हा एका शब्दाचा भेद आम्हांस फार बोलका वाटतो. वय बदलल्यानें कारभारी बदलतो, हा निसर्गक्रम झाला. बळ दुसऱ्याच्या हातीं दिलें असें राजाच स्वमुखें म्हणूं लागला, कीं आपण काय करीत आहों हें त्यानें जाणून केलें, असें होतें; मग पुढें त्याची जी दशा होते तिला तो अज्ञानाची ढाल पुढें करूं शकत नाहीं.

दोन्ही संहितांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. राजा सर्व देऊन टाकतो, पण राजा हें नांव, राजाचे मानमरातब, आणि शंभर सरदारांचा लवाजमा स्वतःपाशीं ठेवतो. आळीपाळीनें एकेक महिना मुलींकडे राहूं म्हणतो. आपल्याकडील वाचकांस येथें कालिदासाचा रघु आठवेल. रघुवंशांतला राजा पुत्राच्या हातीं छत्र देतो आणि स्वतः मुनिवृत्तीनें राहतो. छत्र देऊन त्याची सावली मागत नाहीं. लिअरला अधिक जवळचा दाखला धृतराष्ट्राचा. युद्ध संपल्यावर पंधरा वर्षें तो युधिष्ठिराच्या घरीं मानानें राहिला, मान खरा होता, तरीही भीमाच्या बोलण्याचे कांटे त्यास लागतच होते, आणि अखेर त्यानें वनाची वाट धरली. व्यासांनीं तें दुःख थोडक्यांत आटोपलें. शेक्सपिअरनें त्याचेंच पांच अंक केले. ख्रिस्ती युरोपांत राज्यत्याग करून मठांत गेलेले राजे झाले आहेत; पण लिअरचें ब्रिटन ख्रिस्तपूर्व, तेथें मठ नाहींत व अरण्याश्रमही नाहींत. उघडा माळ तेवढा आहे.

मुली त्याला कां सहन करीत नाहींत, याचें उत्तर दोन संहिता दोन प्रकारें देतात, आणि हा भेद मिश्र पाठांत पार बुजून गेला आहे. क्वार्टोंत पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशांत गॉनरिल आपल्या कारभाऱ्याशीं बोलतांना म्हातारा रिकामटेंकडा असून जे अधिकार त्यानेंच देऊन टाकले तेच अजून चालवूं पाहतो, अशा अर्थाच्या ओळी बोलते; म्हातारीं माणसें पुन्हा मुलें होतात, असेंही म्हणते. या ओळी फोलिओंत नाहींत. उलट फोलिओंत पुढल्या प्रवेशांत ती आपल्या नवऱ्यास सांगते कीं, शंभर हत्यारबंद माणसें याच्या दिमतीला ठेवणें धोक्याचें आहे; उद्यां कसल्याही कुरबुरीवरून तो त्यांच्या जोरावर आमचे प्राण मुठींत धरील. हें भाषण क्वार्टोंत नाहीं. क्वार्टोची गॉनरिल बापाचा तिरस्कार करते. फोलिओची गॉनरिल राज्यकर्त्याप्रमाणें हिशेब करते, आणि खरें सांगावयाचें तर तिचा हिशेब चुकीचा नाहीं. ज्या राजानें अधिकार सोडला पण शस्त्रधारी सोडले नाहींत, त्याच्याविषयीं कोणताही नवा धनी असाच विचार करील. मराठ्यांच्या दप्तरांत असे प्रसंग शोधावयास फार लांब जावें लागणार नाहीं. मिश्र पाठांत ती प्रथम तिरस्कार करते, मग भीति सांगते, आणि टीकाकार मग लिहितात कीं भीति हें निव्वळ निमित्त होतें. हा निष्कर्ष संपादकांनीं निर्माण केलेला आहे. दोहोंपैकीं एकाही प्रतीचा नव्हे.

पुढें वजाबाकी सुरू होते. शंभरांतले पन्नास गॉनरिल काढून टाकते. लिअर रागानें रीगनकडे जातो, तर ती म्हणते पंचवीसच आणावे. तेव्हां तो गॉनरिलकडे वळून म्हणतो कीं, तुझे पन्नास हे पंचविसांच्या दुप्पट, म्हणजे तुझें प्रेम हिच्या दुप्पट. त्यावर गॉनरिल विचारते, पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पांच कशाला? आणि रीगन पुरें करते, एक तरी कशाला? बालवर्गांतील उजळणी उलटी म्हणावी तशी ही आंकडेवारी उतरत जाते. पहिल्या प्रवेशांत ज्यानें जमिनीच्या मापानें प्रेम मोजलें, तो आतां स्वारांच्या संख्येनें मोजीत आहे. मापारी तोच, बदलली आहे ती त्याची जागा. पूर्वीं माप त्याच्या हातीं होतें. गरज किती या प्रश्नास तो जें उत्तर देतो, तें दोन्ही संहितांत आहे: भिकाऱ्यापाशींही गरजेपेक्षां कांहीं अधिक असतें, आणि निसर्गाला लागतें तेवढेंच माणसाला दिलें तर माणूस व जनावर यांत अंतर राहत नाहीं. आमच्या मतें सबंध नाटकांत राजपदाचा याहून खोल विचार नाहीं, आणि तो लिअरला राजपद गेल्यावर सुचतो.

याच सुमाराच्या एका पाठभेदाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. गॉनरिलच्या घरीं पहिला अपमान झाल्यावर लिअर विचारतो, मी कोण आहें हें मला कोण सांगूं शकेल? क्वार्टोंत तो स्वतःच लगेच पुढें म्हणतो, लिअरची सावली का? आणि त्या विचारांत आणखी दोन वाक्यें बोलतो. फोलिओंत तीं वाक्यें नाहींत, आणि सावली हें उत्तर त्याचा विदूषक देतो. अक्षरें तींच, केवळ बोलणाराचें नांव हललें. असा बदल लेखनिकाच्या हलगर्जीपणानेंही होऊं शकतो, हें आम्ही जाणतों. पोथ्यांत ‘राजा’ व ‘विदूषकः’ यांची अदलाबदल आम्हीं अनेकदां पाहिली आहे. परंतु फोलिओंत राजाचीं पुढचीं वाक्यें गेल्यामुळें विदूषकाचा एक तिखट शेराही गेला आहे, म्हणजे बदल एका नांवापुरता नाहीं. सबंध जागा पुन्हा बसविली आहे. क्वार्टोंतला राजा आपली अवस्था स्वतः ओळखूं पाहतो. फोलिओंतल्या राजास ती दुसऱ्याकडून, आणि तीही दरबारांतल्या सर्वांत खालच्या माणसाकडून ऐकावी लागते. स्वतःविषयींचा प्रश्न विचारण्याची सत्ता त्याच्याकडे राहिली, उत्तर देण्याची गेली.

आतां ज्यांच्याकडे सत्ता कधींच नव्हती त्यांच्याकडे वळूं. तिसऱ्या अंकाच्या शेवटीं रीगनचा नवरा कॉर्नवॉल ग्लॉस्टरला खुर्चीला बांधून त्याचे डोळे काढतो. न्यायाचा देखावा केल्यावांचून याला देहान्त शिक्षा देतां येणार नाहीं, पण आमच्या रागाला आमची सत्ता एवढी सवलत देईल, लोक दोष देतील, अडवूं शकणार नाहींत, असें तो आधींच स्पष्ट बोलून दाखवितो. सत्ता म्हणजे काय याची एवढी प्रामाणिक व्याख्या राजनीतीच्या ग्रंथांतही विरळा. एक डोळा गेल्यावर कॉर्नवॉलचा स्वतःचा एक सेवक पुढें येतो. त्याला नाटककारानें नांव दिलेलें नाहीं. तो सांगतो कीं, मी लहानपणापासून तुमची सेवा केली, पण आतां थांबा म्हणतों याहून मोठी सेवा मीं केली नाहीं; आणि तरवार उपसतो. रीगन दुसऱ्याची तरवार घेऊन त्याला पाठीमागून मारते. तो मरतो, पण त्यानें केलेल्या जखमेनें कॉर्नवॉलही मरतो. राजे, सरदार, फ्रान्सची फौज यांपैकीं कोणाकडून जें झालें नाहीं तें या निनांवी माणसानें केलें. त्याचें बोलणें जेमतेम आठदहा ओळींचें.

इथपर्यंत दोन्ही प्रती सारख्या. यानंतर क्वार्टोंत दोन सेवक रंगभूमीवर मागें राहतात. एवढें करून हा माणूस सुखानें जगला तर मी कोणतेंही पाप करावयास मोकळा, असें एक म्हणतो. दुसरा ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या तोंडावर लावण्यास जवसाचा वाख व अंड्यांतील पांढरें आणावयास निघतो. फोलिओंत हें कांहींच नाहीं. ग्लॉस्टरला वेशीबाहेर लोटलें जातें आणि पुढचा अंक सुरू होतो. ही वगळ कोणी केली, नाटककारानें कीं मंडळीनें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. आम्हांस या ओळी अमोल वाटतात. डोळे काढणाऱ्या वाड्यांत घरगुती औषध ठाऊक असलेलीं माणसें अजून आहेत, एवढें त्यांनीं कळतें. आणि तीं माणसें धन्याविषयीं आपसांत काय बोलतात तेंही. फोलिओंत ग्लॉस्टरच्या जखमेवर कोणाचाही हात पडत नाहीं, आणि त्यामुळें पुढें वेषांतर केलेला एडगर जेव्हां त्याचा हात धरतो, तेव्हां तो त्याला लाभलेला जवळजवळ पहिला आधार ठरतो. दोन्ही योजना आपापल्या परीनें सुसंगत आहेत. मनांतून दोन्ही हव्याशा वाटल्या तरी एका पोथींत बसविण्याचा मोह आवरला पाहिजे.

दुसरी मोठी वगळ वेड्या न्यायसभेची. क्वार्टोंत वादळाच्या रात्रीं झोंपडींत भ्रमिष्ट लिअर आपल्या मुलींवर खटला चालवितो. एका लांकडी स्टुलाला तो गॉनरिल समजतो. न्यायाधीश म्हणून वेड्याचें सोंग घेतलेला एडगर, विदूषक, आणि नोकराच्या वेषांतला केंट यांना बसवितो. राज्यांतले सर्व अधिकारहीन न्यायासनावर, आणि आरोपी लांकडाचा! मध्येंच रीगन पळाली असा भास होऊन तो न्यायाधीशांवरच लांच खाल्ल्याचा आरोप करतो. फोलिओंत हा खटला नाहीं. म्हणून फोलिओला न्यायाच्या प्रश्नाचें सोयरसुतक नाहीं असें कोणी म्हणेल, तर तें घाईचें होईल. कारण चौथ्या अंकांत, माळरानावर आंधळ्या ग्लॉस्टरशीं बोलतांना, अधिकाराच्या जागेवर कुत्रें बसविलें तरी त्याची आज्ञा मानली जाते असें लिअर म्हणतो, त्या स्थळीं फोलिओंत कांहीं ओळी अधिक आहेत. पापावर सोन्याचा पत्रा चढविला कीं न्यायाचा भाला मोडतो, चिंध्या गुंडाळल्या तर गवताच्या काडीनेंही तें भेदलें जातें. कोणीच अपराधी नाहीं, मी सर्वांस मोकळें करतों, फिर्यादीचें तोंड बंद करण्याची सत्ता मजपाशीं आहे. ज्याच्यापाशीं अंगरखाही धड उरला नाहीं तो हें बोलतो. क्वार्टोंत लिअर निर्बळांना न्यायाधीश करतो, फोलिओंत तो न्यायाधीशच नको म्हणतो. पहिल्यांत थट्टा आहे. दुसऱ्यांत एका राजाची शेवटची, कोणीही न पाळावयाची आज्ञा आहे.

मराठींत या नाटकाचा वंशज म्हणून १९७० सालच्या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चें नांव नेहमीं घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु तेथें वांटलेली वस्तु राज्य नव्हे, एका नटाची कमाई आहे; गणपतराव बेलवलकरांच्या मागें शंभर हत्यारबंद नाहींत. त्यामुळें मुलांची कृतघ्नता तेवढी राहिली, आणि मुलीच्या भीतींतही कांहीं तथ्य असूं शकतें हा राजकारणाचा धागा स्वाभाविकपणेंच सुटला. हा दोष नव्हे. विषयच वेगळा झाला.

शेवटच्या प्रवेशाकडे येतांना एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या राजासमोर १६०६ त हा प्रयोग झाला तो पहिला जेम्स. तो मूळचा स्कॉटलंडचा, १६०३ पासून इंग्लंडचाही राजा, आणि दोन्ही राज्यें कायद्यानें एक व्हावीं म्हणून पार्लमेंटशीं झगडत होता. आपल्या मुलाच्या उपदेशासाठीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें १५९९ मध्येंच राज्याची वांटणी करूं नकोस असें बजावलें होतें, आणि ब्रिटनच्या पौराणिक राजानें तीन पुत्रांत केलेल्या वांटणीचा दाखला दिला होता. त्याच्या वडील पुत्राचा किताब ड्यूक ऑफ कॉर्नवॉल, धाकट्याचा ड्यूक ऑफ ऑल्बनी. ऑल्बनी हें स्कॉटलंडच्या भागाचें जुनें नांव. लिअरच्या दोन जांवयांचे किताब हेच आहेत. नांवें जुन्या बखरींतूनच आलीं हें खरें, पण त्या रात्रीं व्हाइटहॉलमध्यें तीं कानीं पडतांना कोणाच्या मनांत काय आलें असेल, याची कल्पना करावी.

बखरींत, म्हणजे जॉफ्री ऑफ मॉन्मथच्या बाराव्या शतकांतील ग्रंथांत व होलिन्शेडच्या इतिहासांत, लिअर युद्ध जिंकून पुन्हा गादीवर बसतो. १६०५ त छापलेल्या, कोणा अज्ञात लेखकाच्या जुन्या नाटकांतही तसेंच. गेलेली सत्ता परत मिळण्याचा हा शेवट शेक्सपिअरनें मोडला, आणि लोकांना तें इतकें असह्य झालें कीं, १६८१ त नेहम टेट यानें राजाला पुन्हा गादीवर बसवून व कॉर्डेलियाचें एडगरशीं लग्न लावून दिलेलें रूपांतर दीडशें वर्षें रंगभूमीवर चाललें. मॅक्रेडी या नटानें १८३८ त तें बाजूस सारलें. मध्यंतरीं तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला असतां, १८१० च्या सुमारापासून १८२० त तो मरेपर्यंत, लंडनांत हें नाटक मुळीं होतच नव्हतें. वेड्या राजाचें नाटक वेड्या राजाच्या राजधानींत करण्याची सोय नव्हती.

शेक्सपिअरच्या शेवटच्या प्रवेशांत सत्ता गॉनरिलचा नवरा ऑल्बनी याच्या हातीं आलेली आहे. तो भला माणूस आहे, आणि तो विसरतो. एडमंड व एडगर यांचें द्वंद्व, मुलींचीं मरणें यांत वेळ जातो, आणि केंटनें राजा कोठें आहे असें विचारल्यावर ऑल्बनीला आठवतें कीं, लिअर व कॉर्डेलिया एडमंडच्या कैदेंत आहेत. मरणोन्मुख एडमंड आपली आज्ञा मागें घेतो, माणूस धांवतो, आणि लिअर मुलीचें प्रेत घेऊन आंत येतो. दुष्टांच्या सत्तेनें जें केलें तें सर्वांस दिसतें. चांगल्याच्या सत्तेनें जें वेळीं केलें नाहीं त्याकडे टीकाकारांनीं फार थोडें पाहिलें आहे. ऑल्बनी मग जाहीर करतो कीं, वृद्ध राजा जिवंत असेपर्यंत सर्व सत्ता आम्ही त्याला परत देतों. लिअरचें तिकडे लक्षही नसतें. तो कोणाला तरी अंगरख्याची एक गुंडी सोडावयास सांगतो, आणि आभार मानतो.

यानंतर दोन प्रती पुन्हा फांकतात. क्वार्टोंत लिअर नुसता कण्हतो, आणि हृदया, फूट, असें स्वतःच म्हणून मरतो. फोलिओंत तो कॉर्डेलियाच्या ओठांकडे पाहा, पाहा, म्हणत मरतो, आणि हृदयाला फूट म्हणणारा केंट आहे. क्वार्टोंत मरणाची आज्ञा तरी राजाची स्वतःची. फोलिओंत तीही त्याच्या तोंडीं राहिलेली नाहीं, पण त्याऐवजीं त्याला कांहीं तरी दिसलें, किंवा दिसल्यासारखें वाटलें, एवढें मिळालें आहे.

ऑल्बनी केंट व एडगर या दोघांस राज्य चालविण्यास सांगतो. आपला धनी आपल्याला बोलावीत आहे असें सांगून केंट नकार देतो. उरलें एक चार ओळींचें भाषण, ज्यांत या दुःखाच्या काळाचा भार मानलाच पाहिजे, बोलावेंसें वाटतें तें बोलूं या, बोलावयास हवें तें नको, अशा अर्थाचे बोल आहेत. त्या काळच्या शोकांतिकांत शेवटचें भाषण जिवंत राहिलेल्यांपैकीं सर्वांत श्रेष्ठ अधिकाऱ्याकडे जाण्याचा रिवाज होता. क्वार्टोंत तें ऑल्बनीचें आहे, फोलिओंत एडगरचें. मिश्र पाठाच्या संपादकाला येथें दोन्ही ठेवतां येत नाहींत. ओळी एक आणि बोलणारा एकच पाहिजे. बहुतेकांनीं एडगर निवडला, आणि मग एडगर राजा झाला असें विद्यार्थ्यांस शिकविलें जाऊं लागलें. वस्तुतः दोहोंपैकीं एकाही प्रतींत राज्य स्वीकारल्याचा शब्द कोणाच्याही तोंडीं नाहीं. फोलिओंत शेवटीं एवढीच सूचना आहे कीं, मृताच्या यात्रेचे नगारे वाजत असतां सर्व निघून जातात.